विठ्ठलरावांची गाठ

धारवाडच्या मालमड्डीतल्या विठ्ठलरावांनी कोर्टात छत्तीस वर्षं फायली बांधल्या. निवृत्तीनंतर फायली सुटल्या, पण बांधायची सवय सुटली नाही. लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा ते असा आवळत, की सोडवायला त्यांच्या बायकोला, कमलताईंना, विळी घ्यावी लागे.

परसातल्या पेरूच्या एका फांदीला त्यांनी कपडे वाळवायची तार बांधली, तीही तशीच. पुढच्या वर्षी नेमके त्याच फांदीचे पेरू मोठे आणि गोड निघाले.

"रायरे, पेरू आहेत की पेढे?" शेजारचा हणमंत म्हणाला. रावांना तो कानडी रिवाजानं 'रायरे' म्हणे.

झालं! दिवाळीत विठ्ठलरावांनी तारेचे तीन वेढे थेट बुंध्यालाच घातले, पकडीनं पिळले आणि अख्ख्या गल्लीला पेरू कबूल करून बसले.

श्रावणात फुलं काढायला गेलेल्या कमलताई झाडापाशीच थबकल्या. झाड त्यांनी लावलेलं, आणि जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलेला. तारेच्या वरची साल फुगली होती, शेंड्याची पानं पिवळी पडली होती.

"अहो, हे काय केलंत?"

"गोडी अडवली."

"अडवलीत खरी. पानं साखर रांधतात, ती सालीतून खाली मुळांपर्यंत जाते. एका फांदीची अडली तेव्हा बाकीच्या फांद्यांनी मुळांना जेवू घातलं. आता बुंधाच आवळलात. मुळं उपाशी मरतील, मग झाडही."

"मी शेणखत घालतो की!"

"ते पानात मीठ वाढल्यासारखं झालं. भात वरूनच यायला हवा."

गल्लीला दिलेला शब्द एकीकडे, झाड दुसरीकडे. चहा अर्धा टाकून विठ्ठलरावांनी पकड घेतली. तार सालीत रुतली होती. स्वतःची गाठ सोडवायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. तासभर घाम गाळला.

"विळी आणू का?" कमलताईंनी पायरीवरून विचारलं.

"नको!"

शेवटी तार तुकड्यातुकड्यांनी निघाली. मग त्यांनी फांदीवरचीही कापली.

पुढच्या हंगामात झाडाला हिरवीगार पालवी होती. पेरू मात्र साधेच.

"रायरे, यंदा पेढे नाहीत?"

"यंदा मुळांची पंगत होती," विठ्ठलराव म्हणाले आणि फांदीला कपड्यांची दोरी बांधू लागले. इतकी सैल, की धुतलेलं धोतर थेट मातीत लोळलं. कमलताईंनी ते उचललं, पुन्हा खळबळलं आणि पायरीवर वाळत घातलं.