उजवीकडचा रकाना

वेबसाइट बनवणाऱ्यांना एक वाईट खोड असते, मला तर फारच. पान फोनवर कसं दिसेल हे बघायला आम्ही फोन हातातच घेत नाही. मोठ्या स्क्रीनवरची खिडकी माउसनं ओढून अरुंद करायची, मजकूर त्यात बसला की झालं. गोमती नगरच्या ऑफिसात बसून मी त्या हॉस्पिटलची साइट अशीच तपासली. मग त्यांच्या मॅनेजरचा फोन, "मैडम, पेज दाएँ-बाएँ हिलता है." मी चिडले, जेवण राहिलं होतं. एकच ओळ लिहिली: स्क्रीनबाहेर जाईल ते कापून टाक. पान हलायचं थांबलं आणि मी डबा उघडला.

आठ महिन्यांनी त्याच हॉस्पिटलात बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. बाबा सरकारी नोकरीत नागपूरहून इकडे हिंदी मुलखात बदलून आले ते रिटायर होऊनही जानकीपुरमलाच राहिले. त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. साइटवर त्यासाठीच एक तक्ता होता: डावीकडे औषध, उजवीकडे ऑपरेशनआधी त्याचं काय करायचं ते. आई म्हणाली, "एकदा डॉक्टरांना विचारून घ्या ना."

"विचारायचं काय त्यात? पोरीनं बनवलंय, सगळं लिहिलंय."

तेव्हा मी फुशारले होते, खोटं कशाला सांगू?

ऑपरेशनच्या सकाळी दाढी करताना बाबांना कापलं. कापूस लावला, बदलला, पुन्हा बदलला. "ब्लेड नवं आहे गं," ते म्हणाले. मी खाली गाडी आली म्हणून ओरडत होते.

हॉस्पिटलात सिस्टरनं विचारलं, "खून पतला करने वाली दवा का क्या किया, अंकल?"

"वेबसाइट पर जैसा लिखा है, बिल्कुल वैसा ही."

तिनं कागदावर खूण केली. साइट माझीच आहे, हे मी तिला सांगणारही होते.

बाबांना आत नेलं. त्यांचा चष्मा आणि फोन माझ्याकडे आला. फोनवर तेच पान उघडं होतं, अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली. वर मथळा, 'ऑपरेशन से पहले की दवाएँ'. खाली एकाखाली एक तीन औषधं, तिसरं बाबांचं. बस. उजवीकडे काहीच नाही; वाचणाऱ्याला वाटावं, ही घ्यायचीच आहेत. मी बोटानं पान सरकवून पाहिलं. ते जागचं हललं नाही. माझी ओळ आपलं काम चोख करत होती.

फोन आडवा केला, तेव्हा उजवा रकाना दिसला: 'पाँच दिन पहले बंद करें.'

मी दोन्ही हातांनी दार बडवलं. आतून कुणीतरी खेकसलं. "रुकिए, उनकी दवा चालू है!" एवढंच मला सुचलं. बऱ्याच वेळानं दार उघडलं. भूल द्यायला पाठीत सुई टोचायची तेवढी बाकी होती.

ऑपरेशन पुढे ढकलून डॉक्टर बाबांवर भडकले. "किसने कहा था लेते रहने को?"

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "किसी ने नहीं. चश्मा नहीं लगाया था, मुझसे ही गलती हुई."

बाबा चष्म्याशिवाय काही वाचत नाहीत. मी गप्प राहिले. त्याची लाज अजून वाटते.

घरी येऊन तक्ता दुरुस्त केला. जागा कमी पडली तर उजवा मजकूर औषधाच्या खाली यावा, एवढंच करायचं होतं, पंधरा मिनिटांचं काम. मग तक्रारींची पेटी उघडली. आठ महिन्यांत या पानाबद्दल एकही तक्रार नव्हती. मीटिंगमध्ये आम्ही हे मिरवायचो.

तक्रार करणार कोण? बाबांसारखं ज्यांनी वाचलं, त्यांना आपल्यापुढे अर्धंच पान आहे हे कळलंच नसणार. आणि त्यांच्यासाठी दार ठोठावायला बाहेर मी नव्हते.