पाणबुडीत राहिलेल्या माणसाच्या गावी

नाताळच्या सुट्टीत लोक माथेरानला जातात. मी आणि माझा धाकटा भाऊ वसंता खर्डीला उतरलो, ते एका माणसाला शोधायला.

युद्धाची वर्षं होती. वसंता मुंबईच्या गोदीत विजेच्या कामावर होता. त्या हिवाळ्यात गोदीत एक लष्करी पाणबुडी दुरुस्तीला आली होती आणि तिच्या पोटातल्या भल्यामोठ्या बॅटऱ्यांचं काम त्याच्या टोळीकडे होतं. काम संपत आलं तेव्हा साहेबानं विचारलं, बोट कोलंबोला पोचेपर्यंत बॅटऱ्यांवर लक्ष ठेवायला कोणी बरोबर येईल का? सक्ती नव्हती. सुट्टी संपल्यावर सांगतो, असं म्हणून वसंतानं वेळ मागून घेतला.

घरात आम्ही तिघंच. आई, तो आणि मी. मी गिरगावात मुलींच्या शाळेत शिकवत असे. आईला त्यानं काही सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की मला आधी त्याचा रागच आला. माणसं लोखंडी नळीत शिरतात, वरून झाकण लावून घेतात आणि समुद्राखाली राहतात, ही कल्पनाच मला सोसत नव्हती. मला पोहता येत नाही. डोक्यावरून तांब्या ओततानासुद्धा मी श्वास धरते.

गोदीतल्या एका मुकादमानं वसंताला सांगितलं होतं की मुरबाडकडचा कमळू नावाचा माणूस अशा पाणबुडीत राहून आला आहे आणि हल्ली खर्डीच्या लाकडाच्या वखारीत असतो. वसंताला त्याला विचारायचं होतं, आत कसं असतं. मला त्याच्या तोंडून 'जाऊ नका' असं वदवून घ्यायचं होतं. दोघांनी आपापला हेतू एकमेकांना सांगून टाकला आणि एकाच पिशवीत कपडे भरले.

खर्डी हे लहानसं स्टेशन. भात कापून झालेली खाचरं रुळांपर्यंत आलेली, त्यांच्या पलीकडे जंगल. वखार स्टेशनाला लागूनच होती. सागाच्या ओंडक्यांचे डोंगर, ओल्या सालीचा वास, आणि खाटेवर बसलेला वखारवाला.

"कमळू? तो गेला गावाला," तो म्हणाला. "वैशाखऱ्याच्या पुढं त्याची वाडी हाय. मळणी झाल्याबिगर यायचा नाय."

वैशाखरे म्हणजे मुरबाडच्याही पलीकडे, माळशेज घाटाच्या वाटेवर. आम्ही उलट्या टोकाला उतरलो होतो.

"माणूस कसा आहे?" मी विचारलं.

"कामाला चांगला. पण दुपारचा झोपायचा तो दोन ओंडक्यांच्या फटीत. साप असतात, किती येळा बोललो. बोलायचा, मोकळ्यावर झोप येत नाय."

मी वसंताकडे अर्थपूर्ण पाहिलं. त्यानंही माझ्याकडे तसंच पाहिलं. एकाच गोष्टीचा आम्ही दोघांनी दोन प्रकारे अर्थ लावला होता.

परत फिरायचं दोघांनाही नको होतं. वखारीची एक लॉरी शहापूरला निघाली होती, तिच्यात पुढे बसायला जागा मिळाली. शहापूरला माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचं माहेर होतं. तिच्या वडिलांना, तात्यांना, आम्ही न कळवता दारात उभे राहिलो याचं काडीचं नवल वाटलं नाही. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं आणि मग कुठे जाता ते विचारलं.

ते आम्ही सांगितलं ही चूक झाली. तासाभरात ओटीवर माणसं जमली. पाणबुडीची आतली बाजू पाहिलेला माणूस शहापुरात आला आहे, एवढंच बाहेर गेलं होतं. शिंप्यानं विचारलं, श्वास कसा घेतात. एका बाईनं विचारलं, चूल कुठं पेटवतात आणि धूर कुठं सोडतात. तात्यांनी बराच वेळ धीर धरून शेवटी संडासाचं विचारलं. वसंता सगळ्यांना उत्तरं देत होता. गोदीतली बोट कोरडी होती, माणसं त्यात राहत असताना काय होतं ते मला ठाऊक नाही, असंही सांगत होता. पण ते कोणाला ऐकायचं नव्हतं. शिंपी निघताना म्हणाला, "मला कोणी हजार रुपये दिले तरी मी आत पाय ठेवणार नाय." मग उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "नुसतं वाकून बघायला देतात का हो?"

दुसऱ्या दिवशी तात्यांनी बैलगाडी ठरवून दिली. किन्हवलीमार्गे सरळगाव, तिथून मोटार. गाडीवान म्हातारा होता आणि बैलांशी जेवढं बोले तेवढंही आमच्याशी बोलत नसे. रस्ता धुळीचा, पण दोन्ही अंगांना वालाची शेतं हिरवीगार. भात काढल्यावर त्याच ओलीवर इकडे वाल पेरतात. शेणानं सारवलेल्या खळ्यांवर (मळणीसाठी चोपून केलेल्या जागा) बैल गोल फिरत होते. किन्हवलीला एका घराच्या पडवीत आम्ही तांदळाची भाकर आणि सुकटीची चटणी खाल्ली. सुकट म्हणजे सुकवलेली कोलंबी. साखर कुठेच मिळत नव्हती, चहा गुळाचा होता, आणि मला तो आवडला.

काळू नदी ओलांडताना घोटाळा झाला. पाणी गुडघ्याएवढंच होतं, पण ऐन मधोमध चाक दोन दगडांत अडकलं. गाडीवान म्हणाला, "उतरा. भार कमी करा." वसंता टुणकन उतरला. मी गाडीची उंच बाजू धरून बसून राहिले. पाणी पायाखालून सरकताना दिसत होतं, आणि गाडीच वाहत चालली आहे असं मला वाटत होतं.

"ताई, तळ दिसतोय," वसंता म्हणाला.

"म्हणून काय झालं?"

शेवटी त्याच्या खांद्यावर हात टेकून मी उतरले. पाणी बर्फासारखं होतं. काठावर पोचेपर्यंत मी त्याचा सदरा इतका घट्ट धरला होता की खांद्यावरची शिवण उसवली. ती मी त्याच संध्याकाळी सरळगावच्या धर्मशाळेत शिवून दिली. शिवताना त्याला म्हटलं, "तुला भीती कशी वाटत नाही?" तो म्हणाला, "वाटते. पण ती बोट चालते कशी हे मला माहीत आहे. जे माहीत आहे ते चालताना बघितलं नाही तर जन्मभर चुटपुट लागेल." मी दोरा दातानं तोडला आणि सदरा त्याच्याकडे दिला.

सरळगावाहून पुढे मोटार होती. पेट्रोल मिळत नसल्यामुळे ती कोळशाच्या गॅसवर चाले. मागे तिला बंबासारखी भट्टी बसवलेली. चढ आला की उतारू उतरत. वैशाखरे येईतो सह्याद्रीची भिंत समोर उभी राहिली, इतकी सरळ की वर पाहताना मान दुखावी. तिथून कमळूच्या वाडीपर्यंत पायवाट होती.

कमळू खळ्यावरच सापडला. चाळिशीचा, ठेंगणा, रुंद खांद्यांचा. मुंबईहून त्याच्यासाठी माणसं आली आहेत हे ऐकून आधी तो घाबरला. परत बोलावणं आलं असं त्याला वाटलं. नाही म्हटल्यावर त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली. त्याला हायसं वाटलं की वाईट, ते मला नीट कळलं नाही.

त्याची हकिगत अशी. लाकडाच्या गाड्यांबरोबर तो मुंबईला गेला, तिथं बंदरावर कोळसा वाहू लागला आणि मग एका मालबोटीवर भट्टीत कोळसा मारायला चढला. शत्रूच्या पाणबुडीनं ती बोट बुडवली. होडीत जी माणसं सुटली, त्यातली बरीच उन्हानं आणि तहानेनं गेली.

"वर आभाळ, खाली पाणी," कमळू म्हणाला. "मधी काय पण नाय. शेजारचा माणूस सकाळी बोलला, दुपारी नाय बोलला. मंग पाणी फुगलं आन काळं लोखंड वर आलं. आमी समजलो, मारायला आली. पण ती आपल्या बाजूची होती. एका बुडीनं बुडवला, दुसरीनं उचलला."

त्या पाणबुडीला आपलं काम सोडून बंदर गाठता येत नव्हतं. म्हणून ही माणसं तिच्यातच राहिली. वसंता प्रश्न विचारत होता. झोपायला जागा? "एक उठला का दुसरा त्याच उबेत आडवा व्हायचा." हवा? "तेलाचा वास. पाव खाल्ला तरी तेल. भिंतींना घाम यायचा." दिवस-रात्र? "काय कळायचं नाय. मी बटाटे सोलायचो. बटाटे सोलून झाले का दिवस झाला, असा समजायचो."

"भीती?" मी विचारलं.

"एकदा वरून कोण आमाला शोधत होता. तवा सगळी यंत्रं बंद केली. बोलायचा नाय, चालायचा नाय, नुसता पडून राहायचा. हवा जड झाली, छातीवर तांदळाचा पोता ठेवल्यासारखी. माझ्या बाजूला एक गोरा पोरगा होता, दाढी पण फुटली नव्हती. त्यानं माझा हात धरला. त्याची भाषा मला येत नाय, माझी त्याला. यंत्र परत चालू झाला तवा त्यानं हात सोडला आन नंतर कवा माझ्याकडं बघितला नाय. लाजला असंल."

हाच क्षण साधून मी म्हटलं, "कमळूभाऊ, माझा भाऊ त्यातनं जायचं म्हणतोय. त्याला तुम्हीच सांगा, जाऊ नको."

"बाई, नको बोललो तर खोटं होईल," तो म्हणाला. "आन जा बोललो तर आमची भागी मला घरात घ्यायची नाय."

"तुम्ही परत गेला असता?" वसंतानं विचारलं.

कमळूनं घराच्या दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "बोलावला असता तर गेलो असतो. म्हणून तर मुंबईला जात नाय. खर्डीलाच बरा."

भागी म्हणजे त्याची बायको. मी आत गेले तेव्हा ती नागलीच्या भाकरी थापत होती. ती उंच, बारीक, आणि बोलायला नवऱ्यापेक्षा मोकळी होती. तिनं मला पाट दिला आणि भाकरीवरचं लक्ष न काढता म्हणाली, "तुमचा भाऊ जाणार."

"कशावरून?"

"मी हितून ऐकतंय ना. मरण कसा येतो ते नाय इचारत तो. झोपायला जागा कुठं, ते इचारतो."

मग तिनं आपलं सांगितलं. बंदरावर काम करणारा गावचा एक माणूस आला आणि म्हणाला, बोट गेली, माणसं गेली. वाडीनं तिला बांगड्या फोडायला लावल्या. कमळूचा दहावाही झाला. पुढं पावसाळा सरला आणि एका दुपारी तो शेताच्या बांधावरून चालत आला. पोरं भूत म्हणून पळाली. सासऱ्यानं त्याला वाडीबाहेर बसवलं, भुतंखेतं काढणाऱ्या भगताला बोलावलं, कमळू मनुष्यच आहे याची खात्री करून घेतली आणि मग दोघांना पुन्हा हळद लावली.

"आता बघा," भागी म्हणाली, "मी हितं रडत होते तवा तो बटाटे सोलत होता. त्याला बोलले मी, तू एकदा तरी मनात आणायचं होतंस, का हिला कोण काय सांगतंय. तो बोलला, आणलं होतं. पण आत बसून काय करणार?" भाकर तव्यावरून उतरवून तिनं निखाऱ्यावर टाकली. ती टम्म फुगली. "मी माझ्या डोळ्यानं बघितला नव्हता ना? मंग मानायचा नव्हता मी. तेवढी एक चूक झाली माझी."

मी तिला तिची चूक नव्हती असं म्हटलं. तिनं भाकर माझ्या ताटात वाढली आणि वालाचं बिरडं ओतलं. आम्ही पोटभर जेवलो. निघताना कमळू पायवाटेपर्यंत आला. वसंताला त्यानं एवढंच सांगितलं: "अंगात लोकरीचा कायतरी घाला. आत थंडी असते."

परतताना मुरबाडहून कल्याणची मोटार दोनदा बंद पडली. दुसऱ्यांदा आम्ही दोघं रस्त्याकडेच्या दगडावर बसलो असताना वसंता म्हणाला, "मी हो सांगणार आहे."

"मला कळलंय," मी म्हटलं. "आईला मात्र तूच सांग."

त्यानं सांगितलं. आई रडली, मग तिनं त्याचा जुना स्वेटर उसवून मोठा विणायला घेतला. तो गेल्यावर कितीतरी दिवस काही कळलं नाही, कळणार नव्हतंच. शेजारच्या एकांनी सिंहलद्वीपाकडे कुठली तरी पाणबुडी बुडाल्याची बातमी जिन्यात आणली. मी शेजाऱ्यांना विचारलं, "तुम्ही पाहिलीत?" आणि दार लावून घेतलं. त्यानंतर मी शाळेत जात होते, वह्या तपासत होते, पण माझ्यावर पाणी असे. कधी हिरवं, कधी काळं. फळ्यावर लिहिताना, तांदूळ निवडताना, ते छताएवढं उंच वाढे.

वसंता मद्रासच्या गाडीनं परत आला. फिकटलेला, दाढी वाढलेला, कपड्यांना तेलाचा वास. जेवण झाल्यावर मी विचारलं, "बोट पहिल्यांदा पाण्याखाली गेली तेव्हा कसं वाटलं?"

तो जरा ओशाळला. "मला कळलंच नाही, ताई. मी बॅटऱ्यांच्या काट्यांकडे बघत होतो. नंतर कोणीतरी म्हणालं, आपण केव्हाचे खाली आहोत."

"आणि समुद्र?"

"आत खिडकी नसते. समुद्र मी एकदाही पाहिला नाही."

त्याच्या वाटणीचा सगळा समुद्र इथं गिरगावात बसून मी पाहिला होता.