पंचवीस मिनिटांचा मुका फोन

रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात तिला सगळे वहिनी म्हणतात. कारण एवढेच, की तिची सख्खी नणंद त्याच कक्षात फोन उचलते. नणंद चार वर्षांनी मोठी आणि नोकरीतही आधी लागलेली. पहिल्याच दिवशी तिने "ही आमची वहिनी" अशी ओळख करून दिली. तेव्हापासून चालकांपासून साहेबांपर्यंत कोणी तिला दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही. वहिनी एकोणिसाव्या वर्षी टेलिफोनच्या बोर्डावर बसली होती. दोऱ्या उपसून खोचण्याचे ते काम कालांतराने संपले, यंत्रे आली, बरोबरीच्या बायका घरी गेल्या. ही मात्र जाडजूड पुस्तके समोर ठेवून चुकत-माकत सर्व्हर सांभाळायला शिकली. आज कक्षाचे आठही फोन शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका सर्व्हरमधून येतात, आणि तो सर्व्हर तिच्या ताब्यात आहे.

पुढचा वृत्तांत तीन कागदांवरून लिहिला आहे: कॉलची नोंद, सर्व्हरला दिलेल्या आज्ञांची यादी आणि वहिनीची वही. तिन्हींतल्या वेळा एक-दोन मिनिटांनी जुळत नाहीत. अशा ठिकाणी सर्व्हरची वेळ ग्राह्य धरली आहे, कारण वही त्या दिवशी संध्याकाळी लिहिलेली आहे आणि तिचे अक्षर नेहमीचे नाही. संवाद दोघींच्या आठवणीतले आहेत. नणंद-भावजयींचे त्यांबाबत एकमत आहे, हीच काय ती शंकास्पद बाब.

त्या सर्व्हरची कामे दोन. बाहेरच्या जगाला कक्षाचा एकच पत्ता दिसतो, आत मात्र आठ फोन असतात. आलेला कॉल त्यांपैकी योग्य फोनच्या पत्त्यावर वळवणे हे पहिले काम. दुसरे काम राखणीचे. त्यासाठी नियमांची एक यादी असते. येणारे प्रत्येक पॅकेट, म्हणजे घंटेचा किंवा आवाजाचा छोटा तुकडा, त्या यादीशी वरून खाली ताडून पाहिले जाते, आणि जो नियम पहिल्यांदा लागू पडेल तिथे निकाल लागतो. खालचे नियम मग कोणी वाचत नाही. शेवटची ओळ सांगते, वरच्या कशातही न बसलेले सारे टाकून द्या.

वहिनी मुळात भित्री. घराचे कुलूप ती तीनदा ओढून पाहते. "आता चोराला काही कामच उरलं नाही, कडी तूच उपटलीस," असे नणंद जिन्यात उभी राहून म्हणते. कामातही तेच. अकरा वर्षांपूर्वी दुरून नियम बदलताना एका चुकीच्या ओळीने तिने स्वतःलाच सर्व्हरबाहेर काढले होते, आणि कुलूप उघडायला चाळीस मिनिटांचा रस्ता धावतपळत गाठावा लागला होता. तेव्हापासून तिने एक शिरस्ता पाळला. नियमांना हात लावण्याआधी ती सर्व्हरला सांगून ठेवते: दहा मिनिटांत मी 'थांब' म्हटले नाही, तर माझे बदल पुसून जुनी यादी आपोआप लाव. याला ती दोर म्हणते. दोर न बांधता तिने अकरा वर्षांत एकही ओळ बदललेली नव्हती.

त्या सकाळी जुन्या कंपनीची लाइन कायमची बंद होऊन नव्या कंपनीची सुरू व्हायची होती. सात वाजून चार मिनिटांनी वहिनीने नवी यादी लावली. त्या यादीत बाहेरचा पत्ता बदललेला होता आणि एक ओळ नवी होती. नवी कंपनी कॉलची घंटा एका यंत्रातून पाठवते आणि बोलणाऱ्याचा आवाज दुसऱ्याच यंत्रातून. त्या दुसऱ्या यंत्राला आत येऊ द्या, असे ती ओळ सांगत होती. वहिनीने कक्षातून स्वतःच्या घरी फोन लावून पाहिला. नवऱ्याचा आवाज स्वच्छ आला, "चहा उकळतोय, ठेव." तिने सर्व्हरला 'थांब' म्हणून दोर सोडला.

सात बाराला नणंदेचा फोन वाजला.

"रुग्णवाहिका सेवा, बोला." काहीच नाही. "बोला, मी ऐकतेय." पलीकडे श्वासही नव्हता. नणंदेने वाट पाहून ठेवून दिला. सात पंधराला दुसऱ्याच क्रमांकावरून तसाच एक आला. सात अठराला पहिला क्रमांक पुन्हा, आणि सात एकविसाला तिसऱ्यांदा.

"वहिनी, हे थट्टेचे फोन नव्हेत," नणंद म्हणाली. "एकाच माणसाने तीनदा लावलाय. तू काय करून ठेवलंयस?"

"मघाशी घरचा आवाज आला की!"

"तो तू लावलेला होतास. मला आलेल्यांचं बोल."

 वहिनीच्या तत्काळ लक्षात आले, की बाहेर जाणारा कॉल तपासून काहीच सिद्ध होत नाही. आपण ज्याला हाक मारतो त्याचे उत्तर सर्व्हर ओळखून आत घेतो. बाहेरून आपणहून आलेल्या आवाजाची परीक्षा तिने घेतलीच नव्हती. घंटा पोचत होती, आवाज दाराशी टाकला जात होता, आणि पलीकडच्याला मात्र नणंद व्यवस्थित ऐकू येत असणार.

"वन्सं, हा चालू फोन ठेवू नका. त्यांना तुमचं ऐकू येतंय. आकडा दाबायला सांगा. आकडे घंटेच्याच वाटेने येतात, ते तुमच्या पडद्यावर दिसतील."

नणंदेने आवाज चढवला. "माझं ऐकू येत असेल तर एक दाबा."

पडद्यावर १ उमटला.

"घाबरू नका. मला तुमचं ऐकू येत नाही, पण मी इथेच आहे. माणूस शुद्धीवर आहे का? हो असेल तर एक, नाही तर दोन."

२.

"श्वास चाललाय का?"

बराच वेळ काही नाही. मग १. मग पुन्हा १, जणू खात्री करून सांगितल्यासारखा.

नणंदेने टपाल विभागाचा क्रमांक, म्हणजे पिनकोड, मागितला; तो आला. घराचा क्रमांक मागितला, १७ आला. तिने लगेच त्या विभागाकडे गाडी सोडली. मग वहिनीकडे वळून, बोलण्याच्या भोंग्यावर तळवा ठेवून म्हणाली, "सतरा नंबर मिळाला, पण कुठल्या गल्लीतला? त्या विभागात चाळीस गल्ल्या आहेत. गल्लीचं नाव काय आकड्यांत दाबायला लावू?"

वहिनीने सात तेवीसला यादी उघडली. हात लावण्याआधी सवयीने दोर बांधला. दहा मिनिटे. मग प्रत्येक नियमापुढचा आकडा वाचू लागली. तो नियम आजवर किती पॅकेटांना लागू पडला, हे तो आकडा सांगतो. घंटेच्या नियमापुढे शेकडो होती. तिने सकाळी लिहिलेल्या आवाजाच्या नियमापुढे शून्य. आकडा दर क्षणी वाढत होता तो फक्त त्याच्या वरच्या ओळीचा, सारे टाकून देणाऱ्या ओळीचा. तिने नवा नियम यादीच्या अगदी तळाशी जोडला होता, टाकून देणाऱ्या ओळीच्याही खाली. तिथवर कोणतेही पॅकेट कधीच पोचणार नव्हते. त्या वाढत्या आकड्यातला प्रत्येक अंक म्हणजे पलीकडून कोणीतरी मारलेल्या हाकेचा तुकडा होता. वहीत या ठिकाणी एवढेच लिहिले आहे: "माणूस ओरडताना मोजता येतो."

ती नियम वर सरकवणार, तोच तिला दोर आठवला. वाजले होते सात सत्तावीस. दोर ज्या यादीवर परत नेणार होता ती कालची होती आणि तिच्यात जुन्या लाइनचा पत्ता होता. ती लाइन आता मेलेली. सहा मिनिटांनी सर्व्हर शहाण्यासारखा तिची आज्ञा पाळणार, आणि आवाजच नव्हे, घंटाही बंद पडणार होती.

तिने दोर कापला. नवा वळायचा, तर आजची यादी जपून ठेवून पुन्हा वेळ लावावी लागणार होती.

"काय झालं? थांबलीस का?"

"दोर नाही, वन्सं. एक नंबर चुकला तर हा फोनही तुटेल आणि मीही बाहेर फेकली जाईन. दोन मिनिटं द्या, बांधून घेते."

नणंदेने पडद्याकडे बोट दाखवले. "मी तीनदा विचारलं, श्वास चाललाय का म्हणून. उत्तर नाही आलं."

आज्ञांच्या यादीत यानंतर एकेचाळीस सेकंद काहीही नाही. वहिनीने ओळ लिहिली, तिच्यातला क्रमांक बोट ठेवून वाचला, खोडला, पुन्हा तोच लिहिला.  सात एकोणतीसला तिने बटण दाबले.

नणंदेच्या कानात आवाज एकदम, मध्येच तुटल्यासारखा शिरला. एक बाई रडत होती. "…गिरणीच्या मागची गल्ली, गिरणीच्या मागची, किती वेळा सांगू, ऐका ना हो…"

"ऐकलं! गिरणीच्या मागची, सतरा नंबर. बाई, मला ऐकू येतंय आता. गाडी तुमच्याच भागात आहे. त्यांच्या छातीकडे बघा, हलतेय का?"

"हलतेय. थोडी."

सात छत्तीसला चालकाने कळवले, रुग्ण गाडीत घेतला आहे, श्वास आहे. रुग्णालयाच्या नोंदीत 'जिवंत दाखल' असा शेरा आहे. तो वाचल्यावर नणंद खुर्चीत मागे रेलली आणि म्हणाली, "वहिनी, चहा."

वहिनी उठली नाही. सात चार ते सात एकोणतीस या पंचवीस मिनिटांतले सगळे आलेले कॉल तिने पडद्यावर काढले होते. चार होते: तीन त्या बाईचे आणि एक सात पंधराचा. त्या क्रमांकावरून पुन्हा फोन आलेला नव्हता.

"मी लावते," नणंद म्हणाली.

"नको. माझ्या हातून गेलाय, मीच लावणार."

नोंदीनुसार तिने तो क्रमांक सात अडतीसपासून अकरा वेळा लावला. घंटा पूर्ण वाजून बंद होई आणि ती पुन्हा लावी. बाराव्यांदा, नऊ वाजून सहा मिनिटांनी, एका म्हाताऱ्या बाईने उचलला.

"आजी, मी रुग्णवाहिका सेवेतून बोलतेय. मघाशी तुम्ही फोन केला होता का?"

"केला होता ना. तुमची बाई सारखी बोला बोला म्हणत होती. मी बोलतच होते की."

 "आमच्याकडे आवाज पोचत नव्हता, आजी. चूक आमची होती. कोणाला काय झालं होतं?"

"आमचे हे न्हाणीत पडले. मग शेजारच्यांनी उचलून गाडीत घालून नेलं."

"आता कसे आहेत?"

"कोण सांगणार मला? गेलेत ते अजून कोणी परतलं नाही. आत्तापर्यंत बाहेर रस्त्यावर वाट बघत उभी होते मी."

"कुठल्या रुग्णालयात नेलं, ते सांगता का?"

"मला नाही विचारता आलं. तेव्हा मी फोन धरून बसले होते ना, तुम्ही ऐकाल म्हणून."

वहिनीने कागद ओढून त्यावर शहरातल्या रुग्णालयांची नावे भराभर लिहिली आणि तो नणंदेपुढे सरकवला. "आजी, ठेवू नका," ती म्हणाली. "माझी नणंद दुसऱ्या फोनवरून एकेका रुग्णालयात विचारतेय. मी तुमच्यापाशीच आहे. तुम्ही बोलत राहा."