आयरिश बाईंना दिलेलं उत्तर

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, पुण्यातल्या बहिणीजवळ नाही, आणि जिला वाटतं की तिला माझं सगळं माहीत आहे, त्या मैत्रिणीजवळही नाही. गोष्ट फार मोठी होती म्हणून नव्हे. उलट इतकी छोटी होती — एक वाक्य, तेही चार-पाच शब्दांचं — की त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं मी स्वतःलाच समजावत राहिले. तुमची-माझी ओळख नाही. म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगणं जमेल. बघू.

सुरुवात कुठून करू? आयरिश बाईंपासून करते. तिथून जरा सोपं जाईल.

२००६ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा व्हर्जिनियात, हर्नडनला राहत होतो. नवरा आयटीत. मी पुण्यात समाजकार्याचं शिक्षण घेतलेली, पण इथे डिपेंडंट व्हिसावर कितीतरी वर्षं घरी बसलेली. ग्रीन कार्ड आलं आणि मला एका सरकारी ऑफिसात नोकरी लागली. कुठल्या, ते लिहीत नाही. चूक ऑफिसची नव्हती. वयस्कर लोकांसाठी सरकारच्या ज्या सोयी असतात, त्यांचे अर्ज आमच्याकडे यायचे. त्यातली एक योजना मला मनापासून आवडायची. घरात कुणी कायमचं आजारी असेल आणि त्याचं सगळं एकच माणूस करत असेल, तर त्या करणाऱ्या माणसाला विसावा मिळावा म्हणून आठवड्यातून दोन दुपारी घरी मदतनीस पाठवायची. मदतनीस आजाऱ्याजवळ बसणार. करणाऱ्यानं तेवढ्यात झोपावं, दुकानात जाऊन यावं, नाहीतर नुसतं बाहेर बाकावर बसावं. किती शहाणपणाची गोष्ट, असं मला वाटायचं.

ऑफिसात मी एकटीच भारतीय होते. आणि त्या योजनेच्या यादीत एकही भारतीय नाव नव्हतं. माझी बॉस लॉरेन एकदा मीटिंगमध्ये म्हणाली, "वृंदा, तुमचे लोक आपल्याकडे कधीच येत नाहीत. का गं?" मी सांगितलं, आमच्यात म्हाताऱ्यांना घरचेच सांभाळतात. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. एक जण तर म्हणाली, तुमच्याकडून आम्ही शिकायला हवं.

खरं सांगू? ते कौतुक मला फार गोड लागलं. इतकी वर्षं मी या देशात कुणाची तरी बायको होते, कुणाची तरी आई होते. त्या दिवशी मी एका अख्ख्या चांगल्या समाजाची प्रतिनिधी झाले. एकाच वाक्यानं.

तर आयरिश बाई. ऑक्टोबरात त्या आल्या. आयर्लंडच्या संसदेच्या सदस्य, साठीच्या आसपासच्या, बुटक्या, पायात चांगले मजबूत बूट, हातात शाळेतल्या मुलांची असते तशी वही. आजाऱ्यांचं घरी करणाऱ्या लोकांना सरकारनं काय द्यावं, हा त्यांचा विषय होता, आणि इथे ते कसं चालतं हे बघायला त्या आल्या होत्या. लॉरेननं तासभर त्यांना स्लाइड्स दाखवल्या. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "प्रत्यक्ष अर्ज कोण बघतं? मला तिच्याशी बोलायचंय." आणि त्या सरळ माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या.

मला म्हणाल्या, "माझं काम म्हणजे मंत्र्यांना प्रश्न विचारणं. लेखी प्रश्न द्यायचा, मग छापील उत्तर येतं. पण ते उत्तर काही मंत्री लिहीत नाही. कुठल्यातरी ऑफिसात, असल्याच एखाद्या टेबलाशी बसलेलं माणूस काहीतरी सांगतं आणि तेच वर चढत जातं. म्हणून म्हटलं, टेबलच बघावं."

त्यांचे प्रश्न वेगळे होते. किती लोकांना मदत मिळते, हे त्यांनी विचारलंच नाही. कोण अर्ज अर्धा भरून सोडून देतं? कुणाला फॉर्म वाचता येत नाही? आणि मग — "इथे येताना मी भारतीय दुकानं बघितली, साड्या नेसलेल्या म्हाताऱ्या बायका बघितल्या. त्या तुमच्या यादीत कुठे आहेत?"

माझं उत्तर तयारच होतं. म्हणाले, "आमच्याकडे आईवडिलांना घरीच सांभाळतात. सरकारकडे मागायची आमच्यात पद्धत नाही."

त्यांनी पेन थांबवलं. "पद्धत नाही, की गरज नाही?"

"दोन्ही," मी म्हणाले.

त्यांनी लिहून घेतलं. लिहिता लिहिता, जरा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आमच्या गावातही असंच सांगायचे. घरचे सांभाळतात. घरचे म्हणजे कोण, हे कुणी विचारायचं नाही. आमच्या घरात ती माझी थोरली बहीण होती."

मी हसून मान हलवली. पण त्या क्षणी मला एक नाव आठवलं होतं. एक चेहरा. ते आता सांगायला हवं, नाही का? इतका वेळ मी त्याच्याच भोवती फिरते आहे.

मालतीकाकू.

आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. नागपूरच्या. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या, बहात्तर वर्षांच्या. काका पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. मुलानं, समीरनं, दोघांना ग्रीन कार्डवर इकडे आणलं, टाउनहाउस घेतलं, आणि नंतर त्याची नोकरी गेली ॲरिझोनात, चँडलरला. तोवर काकांना विस्मरणाचा आजार जडला होता. जागा बदलली की ते बिथरायचे. म्हणून समीर गेला आणि हे दोघे हर्नडनलाच राहिले. महिन्या-दीड महिन्यानं समीर विमानानं यायचा. बाकीचे दिवस काकू एकट्या.

काकांना वाटायचं, ते अजून धरणावर आहेत. दिवसातून वीसदा विचारायचे, "गेट उघडलं का?" आणि काकू भांडी घासता घासता म्हणायच्या, "उघडलं, साहेब." न चिडता. वीसच्या वीस वेळा. पण काका रात्री-अपरात्री दार उघडून बाहेर निघायचे, म्हणून काकूंची झोप गेली ती गेलीच.

त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाचा पाडवा एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. काकू काकांना घेऊन आल्या होत्या. जेवताना माझी नऊ वर्षांची इरा मला म्हणाली, "ममा, लुक, काकू इज स्लीपिंग सिटिंग अप." खरंच. श्रीखंडाची वाटी हातात, आणि बसल्या जागी डोळे मिटलेले. म्हणजे मी बघितलं होतं. बघितलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

जेवणं झाल्यावर काकूंनी मला दाराशी गाठलं. आजूबाजूला चार बायका होत्या, डबे भरत होत्या. काकू हळूच म्हणाल्या, पण तितकं हळू नाही —

"वृंदा, तुझ्या ऑफिसातून म्हणे घरी माणूस पाठवतात. आठवड्यातून दोन दुपार. माझ्यासारखीला मिळेल का गं ते? मला नुसतं झोपायचंय."

आणि मी म्हणाले, "काकू, ते सिटिझन्सना असतं."

हेच ते वाक्य.

खोटं होतं. नियम मला पाठ होता. वय साठच्या वर आणि घर आमच्या भागात — एवढंच बघायचे. सिटिझन आहात का, हा प्रश्न त्या फॉर्मवर नव्हताच. तो फॉर्म मी रोज हाताळत होते. काकूंचा अर्ज मी दहा मिनिटांत भरून दिला असता.

मग का? मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. डबे भरणाऱ्या बायकांचे कान टवकारलेले दिसले, म्हणून? काही अंशी. पण खरं कारण ते नव्हे. खरं कारण असं, की डोळ्यांसमोर लॉरेन आली. तिच्या यादीत पहिलं भारतीय नाव — आणि ते माझ्या ओळखीच्या काकूंचं. मग घर बघायला कुणीतरी जाणार. तिला दिसणार, मुलगा दूर आहे, म्हातारी एकटी आहे, म्हाताऱ्याचे कपडे ओले आहेत. मी त्या मीटिंगमध्ये जे बोलले होते, त्याचं काय? माझं एक वाक्य खोटं पडू नये, म्हणून मी दुसरं खोटं बोलले. बाकी काही नाही.

काकू म्हणाल्या, "अच्छा. ग्रीन कार्डवर नाही होय. बरं." आणि वर — "चौकशी केलीस, बरं वाटलं." मी चौकशी केलीच नव्हती.

हे एप्रिलात झालं होतं. म्हणजे आयरिश बाई ऑक्टोबरात माझ्यासमोर वही उघडून बसल्या, तेव्हा "पद्धत नाही, की गरज नाही" हे त्या चुकीच्या माणसाला विचारत नव्हत्या. बरोबर माणसालाच विचारत होत्या. तेव्हाही वेळ गेली नव्हती. "एक बाई आहेत" एवढं जरी म्हणाले असते —

जानेवारीत आयर्लंडहून पाकीट आलं. बाईंनी हातानं लिहिलेली आभाराची चिठ्ठी, सोबत संसदेच्या कामकाजाचा छापील कागद. त्यांनी प्रश्न विचारला होता, की बाहेरून आपल्या देशात येऊन राहिलेल्या कुटुंबांना, घरी आजाऱ्यांचं करणाऱ्यांसाठीच्या योजना त्यांच्या भाषेत कळवण्याचा सरकारचा विचार आहे काय. खाली मंत्र्यांचं उत्तर. त्यात एका ओळीत म्हटलं होतं, की अमेरिकेतल्या अनुभवावरून अशा कुटुंबांकडून फारशी मागणी नसते असं दिसतं. त्यामुळे तूर्त तसा विचार नाही. बाईंनी ती ओळ पेन्सिलीनं अधोरेखित केली होती आणि शेजारी लिहिलं होतं, "माझा दौऱ्याचा अहवाल त्यांनी माझ्यावरच उलटवला. पण मी पुन्हा विचारेन."

लॉरेननं तो कागद सगळ्यांना दाखवला. "आपलं ऑफिस थेट आयर्लंडच्या संसदेत!" टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

फेब्रुवारीत काकू पडल्या. बेसमेंटमध्ये धुतलेल्या चादरी घेऊन चढताना त्यांना पायरी दिसली नाही. नंतर मला म्हणाल्या, "डोळा लागला असेल गं, चालता चालता." खुब्याचं हाड मोडलं. सकाळी नऊच्या सुमाराला पडल्या आणि दुपारी चारनंतर पोस्टमननं दार वाजवलं तोवर तिथेच पडून होत्या. काका वरच्या पायरीवर बसून होते. काकू त्यांना सांगत होत्या, फोन आणा, शेजारी जा. ते त्यांच्याकडे बघून रडत होते. काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं, पण काहीतरी वाईट झालंय एवढं कळत होतं. सात तास.

हॉस्पिटलमध्ये मी वरणभात घेऊन गेले. काकूंनी माझा हात धरला. समीर आला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्यानं मला बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं. "वृंदाताई, मला एक सांगा. आधी काही मिळू शकलं असतं का? तुमच्या ऑफिसकडून, कुठूनही? मी कधी नीट बघितलंच नाही. माझंच चुकलं."

तो माझ्याकडे बघत होता. मी त्याचा अपराध निम्मा तरी माझ्यावर घेऊ शकत होते. खरं तर सगळाच.

"नाही रे," मी म्हणाले. "ग्रीन कार्डवर काही नसतं."

मे महिन्यात तो दोघांना चँडलरला घेऊन गेला. काकूंच्या हातात वॉकर आला तो कायमचाच. नव्या घरात काका बोलायचे थांबले. वर्षभरात गेले. ते जायच्या थोडं आधी काकूंचा मला फोन आला होता. आवाज बरा वाटला. म्हणाल्या, "अगं, इथे शेजारच्या बाईनं फॉर्म भरून दिला. आता दोन दुपारी एक मुलगी येते. मी झोपते गं, चक्क झोपते." मग जरा थांबून — "ग्रीन कार्डवर दिलं त्यांनी. काही विचारलंसुद्धा नाही. तिकडे कसं नव्हतं गं?"

इतकी वर्षं वर्गापुढे उभं राहून गणित शिकवलेली बाई. त्यांचा प्रश्न सरळ होता, आणि आवाजात संशय नव्हता. मी म्हणाले, "काकू, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात."



"असतील," त्या म्हणाल्या. मग इराची चौकशी केली, तिला पाढे येतात का विचारलं, आणि फोन ठेवला.

नियम वेगळे नव्हते. त्यानंतर मी काकूंना कधी फोन केला नाही. काका गेले तेव्हाही नाही.