हिरावहिनींच्या सातेरी माश्या

फोन आला तेव्हा मी खारघरला एका इमारतीखाली मधाच्या बाटल्यांची पिशवी घेऊन उभी होते. हिरावहिनींचे यजमान काशिनाथदादा एवढंच म्हणाले, "ताई, तुमची वयनी गेली..." आणि लगेच, "आता माश्यांचा काय करू?" क्षणभर रागच आला. बाई गेली आणि ह्या माणसाला माश्यांची पडली आहे! पण व्यवसाय आम्हा दोघींचा होता. मध वहिनींचा, विकणं माझं. पौषाची थंडी, रानात फूल नाही, आणि सातेरी जातीच्या मधमाश्या उपाशी राहिल्या की पेटी सोडून सरळ निघून जातात. दादांचा प्रश्न खराच होता.

वहिनी धवलारीण. पनवेलच्या आसपास आगऱ्यांची कितीतरी लग्नं त्यांनी धवले गाऊन लावली. पेटी उघडतानाही त्या तेच गात, अगदी खालच्या सुरात. तोंडावर जाळी नाही, हातात मोजे नाहीत. मी कुंपणाबाहेर. गोवरीचा धूर, कोवळं ऊन, न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या कंटेनरांची लांबची घरघर आणि ते गाणं... सगळं असं एकात एक मिसळायचं की मी कशाला आले तेच विसरायची. "वहिनी, थंडीत गिऱ्हाईक मध मागतं हो," म्हटलं की म्हणायच्या, "ताई, आता त्यांचा त्यांनाच पुरत नाय. जरा दम धरा." दरवर्षी मी चिडायची. आता त्या आवाजासाठी जीव तुटतो.

दादा माश्यांना भलतेच भ्यायचे. तरी साखरपाणी ठेवायला गेले. मुकाट्याने गेले, झाकण हातातून निसटलं, दोन्ही पापण्या सुजल्या. त्यातच एक पेटी रिकामी झाली. "देऊन टाकतो कुनाला तरी," ते म्हणाले. पुढच्या खेपेला मी सोबत होते. झाकणावर हात ठेवला आणि ते एकदम धवला म्हणू लागले, बेसूर, चुकतमाकत. ओटीवरून त्यांची थोरली बहीण जनाबाय ओरडली, "काशी, मयताचा घर हाय! वरीसभर लगनाचा गाना नाय चालायचा हितं!" दादा थांबले नाहीत. माश्यांना गाणं कळतं की नाही, देव जाणे. या वेळी दादांच्या हातून झाकण निसटलं नाही, हे मात्र मी पाहिलं.

असा माघ सरला. जांभळी फुलल्या, उरलेल्या पेट्या जड झाल्या. पहिला मध काढायला दादा बसले आणि मध्येच शब्द विसरले. माश्यांनी भरलेली चौकट हातात तशीच, गुणगुण चढत चाललेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला एक ओळ येत असेल तर शपथ! इतकी वर्षं नुसती ऐकत राहिले होते...

जनाबाय ओटीवरून उतरली. डोक्यावर पदर ओढून कुंपणाच्या आत आली, भावाकडे रागानेच बघितलं आणि पुढची ओळ उचलली. दादा तिच्यामागून म्हणू लागले. माझे डोळे भरून आले होते, तशीच मी बाटल्या पुसायला बसले.