अण्णांचा सावकाश गोळा

सायखेड्याची शेती माझ्या भावाच्या हाती देऊन वडील, आमचे अण्णा, शहरात द्वारका चौकाजवळ माझ्या फ्लॅटवर राहायला आले, तेव्हा दुपार कशी काढायची हाच त्यांच्यापुढे प्रश्न होता. मी घरूनच काम करते. जेवण झालं की अर्धा तास टीव्हीला जोडलेल्या गेमवर अंतराळयानांची लढाई खेळते. अण्णा शेजारी बसून बघायचे.

लढाईआधी यानाला कोणतं शस्त्र लावायचं ते निवडावं लागतं. मी कायम शत्रूचा माग काढत जाणारी क्षेपणास्त्रं घेते. एकदा सोडली की बाकीचं तीच बघतात. महिनाभर पाहिल्यावर अण्णांनी रिमोट मागितला आणि यादीत सगळ्यात खाली असलेली तोफ निवडली. ती कुणीच घेत नाही. तिचा गोळा इतका सावकाश जातो की आपलंच यान त्याला मागे टाकतं. मात्र कशावर तरी आदळेपर्यंत तो चालतच राहतो.

पहिलाच गोळा त्यांनी शत्रूला सोडून भलतीकडे, रिकाम्या अंधारात मारला. मी काही म्हणणार, तेवढ्यात शत्रूचं यान वळलं आणि नेमकं त्या गोळ्यावर जाऊन फुटलं. तरुणपणी बाजरी राखताना गोफणीनं पाखरं उडवलेली, तोच हात असणार, असं मी धरून चालले. पण पुढे पुढे रडारवर कुणी दिसायच्या आधीच ते गोळा सोडू लागले. थोड्या वेळानं तिथे यान यायचंच. मोहीम पाठ झाली असेल म्हणून मी कधीच न खेळलेली मोहीम लावली. तिथेही तेच. अण्णा प्रत्येक वेळी नुसतं 'हं' म्हणायचे.

एका रविवारी त्यांनी असाच गोळा सोडला आणि वाट पाहिली. कुणी आलं नाही. नेम चुकला का, असं मी विचारलं.

"नाय," ते म्हणाले. "आता तू घे."

मी रिमोट घेतला. उरलेली दोन यानं पाडली, एका मोठ्या खडकाला वळसा घातला आणि मनाला येईल तशी भटकत आमच्या तळाकडे परत निघाले. रडारवर काहीच नव्हतं. एकाएकी पडदा पांढरा झाला. आमचं यान फुटलं होतं.

झालेली लढाई नंतर पुन्हा पाहता येते, कॅमेरा हवा तिथून लावून. मी तो अण्णांच्या गोळ्यामागे लावला. गोळा अंधारात एकटाच चालला होता. बराच वेळ काही घडलं नाही. मग खडकाआडून वळत एक यान त्याच्या वाटेत आलं. ते माझं होतं.

अण्णा पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

"मी तिथेच येणार, हे तुम्हाला कसं कळलं?"

"तू कायम डाव्या अंगालाच वळती," ते मायेनं म्हणाले. "रांगायची तवापासून."

पण मलाच का पाडलं, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी आणायला खाली उतरले. भाजीवाला फाटकातून डावीकडे बसतो. त्या दिवशी मी मुद्दाम उजवीकडे वळले. थोडी चालले आणि सहज वर पाहिलं. अण्णा गॅलरीच्या उजव्या टोकाला, कठड्यावर हात टेकून उभे होते. बराच वेळ तिथे उभे असल्यासारखे.

त्यांनी मान हलवली, आणि ते आत गेले.