एकाच वेळी दोन ठिकाणी हजर असलेला पंच

निवृत्तीला चार वर्षं झाली, पण ती दुपार आजही जशीच्या तशी आठवते. तेव्हा मी वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्यात ठाणेदार होतो.

कोर्टाच्या बातम्या करणारा एक पत्रकार आमच्याकडे नेहमी यायचा. भारी चिवट माणूस. निकालाच्या दिवशी सगळेच पत्रकार येतात. हा साध्या तारखांनाही मागच्या बाकावर बसून वही भरायचा. आम्ही त्याला मागून ‘बिनपगारी कारकून’ म्हणत असू.

त्या दुपारी त्याने केबिनचं दार लोटलं आणि आमच्याच ठाण्याच्या एका घरफोडीतल्या जप्ती पंचनाम्याची प्रत माझ्यापुढे ठेवली. त्या गुन्ह्यात सिंदी रेल्वे गावचा एक सायकल मेकॅनिक पाच महिन्यांपासून तुरुंगात होता. चोरीचे दागिने त्याने पंचांसमक्ष काढून दिले, एवढाच काय तो पुरावा. निकाल आठवड्यावर आला होता.

“साहेब, या पंचाची साक्ष परवा ऐकली अन् चेहरा ओळखीचा वाटला. घरी जाऊन जुनी वही काढली,” तो म्हणाला. “पंचनाम्यात हा दुपारी दोनला सिंदीत हाय. त्याच दिवशी, त्याच टाइमाले हा वर्ध्याच्या कोर्टात दुसऱ्या केसची साक्ष देऊन राह्यला होता. मी समोर बसून होतो.”

मी त्याच्यावरच भडकलो. पोलिसांना बदनाम करायला बरं जमतं तुम्हाला, असं काहीबाही बोललो.

“बातमी छापाच्या आधी तुमच्याकडे आलो, साहेब,” एवढंच तो म्हणाला.

कोर्टाचा रोजनामा तपासून घेतला. तारीख आणि वेळ दोन्ही बरोबर निघाली.

पंच म्हणजे ठाण्यासमोरचा चहावाला. त्याला बोलावून घेतलं. खोटं बोलणारा माणूस बहुधा आधी पाणी मागतो. याने काहीच मागितलं नाही.

“सिंदीला गेला होतास का?”

“नाई जी. जमादारानं कागद आणला, मी सही केली.”

“न वाचता?”

“मले काऊन रागावून राह्यले साहेब? तुमच्या मोटारसायकलच्या केसमंदी बी तशीच केलती. कागद लिहून तयार होता. पेन तं तुमीच देल्ला.”

खरं होतं ते. मोटारसायकल चोरीच्या त्या गुन्ह्याचा तपास मी स्वतः केला होता. आरोपी हाच, अशी माझी खात्री होती. जागेवर पंच मिळाले नाहीत, म्हणून सही मागाहून घेतली. त्याला शिक्षा झाली आणि मला प्रशस्तिपत्र मिळालं.

घरफोडीचा तपास करणाऱ्या जमादाराने तासाभरात कबुली दिली. दागिने पवनारच्या रस्त्यालगत बेवारस सापडले होते. मेकॅनिकच्या नावावर मारामारीचा जुना गुन्हा होता, म्हणून तो सोयीचा पडला. मी वरिष्ठांना कळवून कोर्टात अहवाल दिला आणि मेकॅनिक सुटला. त्याच्या घरी गेलो, तर आई दारातूनच म्हणाली, “आता कायले आले?”

मोटारसायकलची गोष्ट मी स्वतःच पत्रकाराला सांगितली. त्याचा हात लिहिता लिहिता थांबला.

“साहेब, तुमच्या रिटायरमेंटले सहा महिने राह्यले. हे बी लिहू?”

“लिही.”

माझी खातेनिहाय चौकशी झाली, ती व्हायलाच हवी होती. आरोपीवर संशय घ्यायला आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. स्वतःच्या खात्रीवर संशय घ्यायला मी नोकरीच्या शेवटी शिकलो. मोटारसायकलच्या केसमधला तो माणूस शिक्षा भोगून केव्हाच गाव सोडून गेला होता. मी त्याला बराच शोधला. तो खरंच चोर होता का, हे मला आजही माहीत नाही.